व्याह्यांच्या मानाची अर्धी गोळी

गोपिकाबाईच्या पापण्या रोज सकाळी सुजलेल्या असायच्या. हापशावर घागर घेऊन गेली की कुणी ना कुणी विचारायचंच, "काय गं, रातभर रडून राह्यलीस का?"

"न्हाई बाई, गोळीनं सुजतेत," ती सांगायची.

यावर विचारणारी बाई अशी काही मान हलवायची की जणू तिला सगळं कळलं. गोळीनं कुठं डोळे सुजतात? नवऱ्याचं नाव कोण घेतंय. बिचाऱ्या कारभाऱ्यानं उभ्या जन्मात मेंढीच्या अंगावर काठी टाकली नव्हती, बायकोवर कुठली टाकतो. पण त्या गोळीपायी गावात त्याची बदनामी झाली ती झालीच. त्यानंही कधी खुलासा केला नाही. खुलासा करायचा म्हणजे गोळी कशाची ते सांगावं लागलं असतं.

गावाला एवढंच माहीत होतं की गोपिकाबाई रक्ताची गोळी खाते. गावानं ती रक्तवाढीची समजली. गोपिकाबाईनं समजू दिली. तेव्हा शालूचं, तिच्या एकुलत्या एक लेकीचं, लग्न व्हायचं होतं. 'आईला कॅन्सर आहे' एवढं एकच वाक्य गावाबाहेर पडलं असतं तर शालूला पाहायला आलेले पाहुणे चहाचा कप तोंडाला लावायच्या आधीच उठले असते.

गाव शहागडपासून कोसभर आत, गोदावरीच्या अंगाला. माणसं मूळची मेंढरांमागं फिरणारी. गोपिकाबाईचा जन्मच कुणाच्या तरी वावरात, मेंढरं बसवली होती तिथं झालेला. कोणतं वावर ते आईला आठवत नव्हतं, "हरभरा व्हता येवढं ध्यानात हाय," म्हणायची. चालत चालत ती मोठी झाली, चालत चालत लग्न झालं, आणि कारभाऱ्याच्या वाटणीला तीन एकर आलं तेव्हा पहिल्यांदा तिनं एका जागी वर्षभर चूल पेटवली. मेंढरं चाळीसाची बारा झाली. कापूस आला, विहीर आली, विहिरीवर मोटर आली. बसून राहायची सवय लागायला तिला दोन वर्षं गेली, आणि ती लागते न लागते तोच डाव्या बरगडीखाली कुणी वरवंटा ठेवल्यासारखं जड वाटायला लागलं.

गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. दुसऱ्यांदाही सलाईनच लावलं. तिसऱ्या वेळी रक्त तपासायला पाठवलं, तर तपासणाऱ्यानं ते दोनदा तपासलं, कारण पांढऱ्या पेशी दोन लाखांच्या वर आल्या होत्या आणि त्याला वाटलं मशीनच बिघडलं. मशीन ठणठणीत होतं.

मग शहरातला मोठा दवाखाना. तिथं रक्ताच्या डॉक्टर होत्या, रेणुका मॅडम. बोलणं असं की प्रत्येक वाक्य इस्त्री करून घडी घालून ठेवलेलं.

"हे बघा आजी—"

"आजी न्हाई म्या. बेचाळीस वर्सांची हाय."

"बरं, मावशी. आपल्या शरीरात रोज जुन्या पेशी मरतात आणि नव्या तयार होतात. किती तयार व्हायच्या, कधी थांबायचं, हे प्रत्येक पेशीतली एन्झाइम ठरवतात."

"म्हंजी मुकादम," कारभारी मागून म्हणाला.

"मुकादम म्हणा हवं तर. एक एन्झाइम सांगतं, वाढा. दुसरं सांगतं, आता पुरे. तिसरं पेशीच्या आतली तुटफूट सांधत बसतं. आणि जी पेशी सांधण्याच्या पलीकडं गेली, तिला मोडीत काढणारी वेगळीच. ही सगळी आपलं काम करून गप्प बसतात, तोवर माणूस धड असतो."

"मंग माझं कोण बिघडलं?"

"हाडांच्या आत रक्त तयार होतं. तिथल्या एका पेशीत दोन धागे तुटले आणि चुकीचे जोडले गेले. याचं डोकं त्याच्या धडाला. त्यातून एक नवंच एन्झाइम झालं. त्याला 'वाढा' एवढंच म्हणता येतं, आणि कुणी 'पुरे' म्हटलेलं त्याला ऐकू येत नाही."

कारभारी टोपी हातात फिरवत म्हणाला, "मॅडम, आमच्या विहिरीवर मोटर हाय. कधीमधी स्टार्टर चिकटतंय. मंग बटण दाबा न्हाईतर लाथ घाला, मोटर काय बंद होत न्हाई. विहीर कोरडी पडस्तोवर वढती."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही काय करता?"

"स्टार्टरच्या पट्टीच्या खाचंत लाकडाची चिपटी सारतो. मंग गप्प."

"ही गोळी म्हणजे ती चिपटी," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांच्या वाक्याची घडी जरा विस्कटली. "त्या एन्झाइमच्या अंगाला खाच असते. गोळी तिथं जाऊन बसते. बसली की ते गप्प. पण दिवसभरात ती झिजून जाते, म्हणून रोज नवी. बारीक चिपटी घातली तर काय होईल?"

"निसटंल."

"म्हणून अख्खी घ्यायची. रोज, जेवण झाल्यावर, पेलाभर पाण्यासोबत. बरं वाटलं तरी थांबायचं नाही. आणि ही फक्त तुमच्या स्टार्टरची चिपटी आहे. कॅन्सर शंभर तऱ्हेचे असतात, सगळ्यांना ही बसत नाही."

"माझ्या पोरीला व्हईल का हो?"

"नाही. हा आईकडून मुलीकडं जाणारा नाही."

गोपिकाबाईनं हे तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं, पण ते उत्तर शालूच्या होणाऱ्या सासरच्यांना कोण समजावणार होतं? फाइल गोधडीच्या घडीत गेली.

गोळीनं मात्र चिपटीचं काम चोख केलं. महिन्याभरात पेशी खाली आल्या, वरवंटा विरघळला. वर्षाभरानं मॅडम म्हणाल्या, ते चुकार एन्झाइम शोधूनही जेमतेम सापडतंय. पायात गोळे यायचे, मळमळायचं, पापण्या सुजायच्या. पण गोपिकाबाई कापूस वेचायची, मेंढरांना पाला घालायची आणि दर महिन्याला शहागडहून एसटी धरून गोळ्या आणायला जायची. गोळ्या फुकट होत्या. अट एकच, आधीच्या रिकाम्या पट्ट्या दाखवायच्या. खिडकीत ओमप्रकाश नावाचा माणूस बसायचा. त्याला मराठी अर्धी यायची आणि सबुरी तेवढीसुद्धा नाही.

"मावशी, पहले खाली पत्ता. खाली पत्ता न्हाई, तो गोळी बी न्हाई." मग पट्ट्या उलट्यासुलट्या बघून, "बराबर. एकदम बराबर. ये मावशीसे सीखो," असं तो मागच्या रांगेला सुनवायचा. गोपिकाबाईला जन्मात मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्रक.

शालूचं लग्न झालं परतूरकडं. जावई अंगद, जिनिंगवर वजनकाट्यापाशी कामाला. व्याही राजानंद म्हणजे त्या भागातला सोयरिकी जुळवणारा माणूस. शंभर लग्नं त्यानं जिभेवर लावली होती. गालात तंबाखूची गोळी धरून तो बोलायला लागला की मुलीचा बाप आणि मुलाचा बाप दोघांनाही वाटायचं, हा आपल्याच बाजूनं बोलतोय. आणि विहीण सोनूबाई. सोनूबाईंची रीत अशी की त्या प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणायच्या, एकदा साखर लावून आणि एकदा साखर पुसून.

दिवाळीला अंगद शालूला न्यायला आला. रात्री पांघरायला गोधडी ओढली, फाइल घरंगळून त्याच्या मांडीवर आली. त्यानं गोळीचं नाव मोबाइलमध्ये घातलं, वाचलं, फाइल होती तशी ठेवली. सासूला एका शब्दानं बोलला नाही. सज्जन मुलगा, असं गोपिकाबाईला वाटलं.

संक्रांत झाली आणि व्याही-विहीण दारात उभे. हातात नारळ, साडी, तिळगुळाचा डबा. राजानंद पंचा तोंडाशी धरून बसला. बोलायचं काम आज सोनूबाईंकडं होतं.

"विहीणबाई, तुमी लपवलं. लपवलं का न्हाई? पण आमी बोललो का? एका शब्दानं बोललो का? शालूला इचारा, लेकीवानी ठिवली. ठिवली का न्हाई ठिवली?"

गोपिकाबाईचे हात चहाच्या पातेल्यावरच राहिले.

"आता देवाची मर्जी. ह्यांच्या गालात फोड झाला. जालन्याला तुकडा काढून तपासला. तोच निघाला, तुमचाच. डाक्टर म्हणतोय, बारकाच हाय, जल्दी कापून टाका, गालाचा तुकडा जाईल, माणूस राहील."

"मंग कापा की," कारभारी म्हणाला.

राजानंदनं पंचा जरा बाजूला केला. "कारभारी, तोंड कापल्यावर म्या बैठकीत बसू कसा? मुक्या माणसाच्या हातून सोयरीक जुळती का कुठं?"

"कापायचं कशाला म्हंते मी," सोनूबाई पुढं सरकल्या. "तुमच्या घरात गोळी हाय. तुमी पाच वर्सं झाली टुणटुणीत हायेत. आमी काय सोनं मागून राह्यलो का? गोळी मागून राह्यलो."

"विहीणबाई, ती गोळी माझ्याच रोगाची हाय. दुसऱ्याला लागू पडत न्हाई, मॅडम म्हणल्या."

"कॅन्सर म्हंजे कॅन्सर. तापाची गोळी काय तुमच्या तापाला येगळी आन आमच्या तापाला येगळी असती का?"

गोपिकाबाईनं मग मोटरीचं सांगितलं. स्टार्टर, खाच, चिपटी, सगळं. तिला वाटलं, मॅडमनी सांगितलं त्याहून ती बरं सांगते आहे. राजानंदनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, सोयरिकीच्या बैठकीत ऐकायचा तसं, आणि म्हणाला, "मोटर मोटर असती, विहीणबाई. पाच एचपीची असू द्या न्हाईतर तीनची."

व्याही घरी चालत येऊन काही मागतो तेव्हा मुलीच्या बापानं 'न्हाई' हा शब्द जिभेवर आणायचा नसतो. सोनं मागितलं तर मुदत मागता येते, म्हैस मागितली तर पुढच्या वेताचा वायदा करता येतो. गोळीला काय मुदत मागणार? कारभारी जमिनीकडं बघत होता. मग त्याचा चेहरा उजळला, कारण त्याला त्याच्या धंद्यातली युक्ती सुचली होती.

"असं करू," तो म्हणाला. "आपल्याकडं जंताच्या औषधाची बाटली एक आन मेंढरं चाळीस असली, तर आपण काय वीसच मेंढरांला पाजून बाकीची मरू देतो का? पाणी वाढवायचं, सगळ्यांला जरा जरा. अर्धी हिला, अर्धी व्याह्यांला. दोघं बी जगतेत."

"आन पुढल्या साली त्या मेंढरांचं काय झालं ते—" गोपिकाबाई बोलायला लागली. कारभाऱ्यानं तिच्याकडं असं बघितलं की पुढचं वाक्य तिनं चहाबरोबर गिळलं. पुढल्या साली त्या जंतांवर अख्खी बाटलीसुद्धा चालली नव्हती. अठरा मेंढरं गेली होती.

सोनूबाईंनी उठून नारळ तिच्या पदरात घातला. "तुमच्या पोटात देव हाय. देवच हाय."

तिनं मनात हिशेब घातला तो असा: मी पाच वर्षं बरी आहे, शालूला त्या घरात पन्नास वर्षं काढायची आहेत. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की ती पट्टीतून गोळी काढायची, सुपारीच्या अडकित्त्यात धरायची आणि कट्‌कन दोन तुकडे करायची. मोठा तुकडा व्याह्यांच्या डबीत. मानाचा तो मोठाच द्यायचा. दर रविवारी अंगद फटफटीवर येऊन डबी घेऊन जायचा.

आणि काय सांगावं, सगळंच सुधारलं. राजानंदच्या गालाची आग म्हणे थांबली. फोनवर सोनूबाईंचं बोलणं आता दोन्ही वेळा साखर लावूनच यायचं. शालूला पहिल्या पंगतीला बसवायला लागले, तिच्या हातचं कालवण गोड लागायला लागलं, हळदीकुंकवाला तिला पुढं घालून नेलं. "आई, तुझ्यामुळं गं," ती म्हणायची. गोपिकाबाईच्या पापण्यांची सूजसुद्धा उतरली. हापशावरच्या बाया खूष. "आता कसं मोकळं दिसून राह्यलं तोंड. कारभारी सुधरला वाटतं." कारभाऱ्याची बदनामी गोळी अर्धी झाल्यावर पुसली गेली.

एप्रिलात रक्त तपासलं. मॅडमनी कागदावर नख ठेवलं. "मावशी, आकडा थोडा वर गेलाय. गोळी चुकली का मध्ये?"

"न्हाई."

ते खोटं नव्हतं. एकही दिवस चुकली नव्हती. आणि ओमप्रकाशनं तर खिडकीतून साक्षच दिली, "मॅडम, ये मावशी एक नंबर. पत्ता बराबर आणती." रिकामी पट्टी रिकामी दिसते, गोळी किती पोटात गेली आणि किती परतूरला गेली, हे पट्टीला कुठं सांगता येतं? मॅडम म्हणाल्या, जूनमध्ये पुन्हा बघू, पण अगदी काटेकोर घ्या.

गोपिकाबाई एसटीत बसली तेव्हा तिला वाटलं, आता डबी बंद करावी. घरी पोचायच्या आत शालूचा फोन आला, मामंजींनी आज अर्धी भाकरी खाल्ली, सगळं घर आनंदात आहे. डबी भरत राहिली.

मे महिन्यात फोनचा सूर फिरला. राजानंदचं तोंड आता दोन बोटांपुरतंही उघडत नव्हतं. कानाखाली गाठ आली होती. सोनूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, अर्ध्या गोळीनं अर्धाच रोग हटला. अख्खी देत जा. चार महिने तुमी खाल्ली न्हाई तर काय बिघडतंय? तुमी तर बऱ्याच हायेत."

त्या दिवशी गोपिकाबाई दोन गाड्या बदलून परतूरला गेली. शंभर लग्नं लावणारा माणूस भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्यानं तिला ओळखलं, हात जोडले, काहीतरी बोलला. काय बोलला ते कुणालाच कळलं नाही. खोलीत वास होता. मेंढराच्या जखमेत अळ्या पडल्या की येतो तसा. मेंढरांमध्ये वाढलेल्या बाईला तो वास सांगून समजवायची गरज नव्हती.

"आज, आत्ता दवाखान्यात न्या," ती अंगदला म्हणाली. "ह्याच्यात माझ्या गोळीचा काय उपेग न्हाई. नव्हताच."

नेलं. डॉक्टर म्हणाले, जबड्याच्या हाडात गेलं, मानेत गेलं, आता कापण्यासारखं राहिलं नाही. वीस दिवसांत राजानंद गेला.

तेराव्याला बाया रडत होत्या. सोनूबाईंनी गोपिकाबाईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, आणि त्याच हुंदक्यात, खांद्यावरून, मागच्या बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "अर्धीच दिली गं माय. अर्धीच दिली. अख्खी दिली असती तर माझा धनी उठून बसला असता." बायांनी गोपिकाबाईकडं बघितलं. शालू चुलीपाशी होती. तिनंही बघितलं, आणि पुन्हा चुलीत फुंकर घातली.

गोपिकाबाई परतूरला राजानंदला बघून आली तेव्हापासूनच अख्खी गोळी घ्यायला लागली होती. पापण्या पुन्हा सुजल्या, हापशावर कारभारी पुन्हा बदनाम झाला. पण जूनच्या तपासणीत आकडा खाली आला नाही. एप्रिलच्या कितीतरी पट झाला होता. मॅडमनी आणखी एक तपासणी करायला लावली आणि तिचा कागद येईपर्यंत बारा दिवस गोपिकाबाईला रोज बरगडीखाली हात लावून बघायचा चाळा लागला.

"तुमच्या एन्झाइमनं आपली खाच बदलली," मॅडम म्हणाल्या. "ही गोळी आता तिथं बसत नाही. हे असं होतं कधी कधी, पण तुमचं इतकं छान चाललेलं असताना? मावशी, खरं सांगा."

गोपिकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आता खोटं बोलून कुणाचा मान राखायचा होता? माणूसच गेला होता.

"अर्धीच खात व्हते, मॅडम. चार महिने."

"आणि अर्धी?"

"व्याह्यांला."

"त्यांना कसला कॅन्सर?"

"गालाचा. तंबाखूचा. गेले ते."

मॅडम खेकसतील म्हणून ती वाट बघत होती. मॅडम खेकसल्या नाहीत. उठून त्यांनी दार लोटून घेतलं.

"तुमच्या रक्तात एकच स्टार्टर चिकटला होता. त्यांच्या गालात तंबाखूनं तीस वर्षं एक एक करून सगळं मोडलं. 'पुरे' म्हणणारं मोडलं, तुटलेलं सांधणारं मोडलं, बिघडलेल्या पेशीला संपवणारं मोडलं. तुमच्या गोळीला तिथं बसायला खाचच नव्हती. गोळीनं त्यांचं काही केलं नाही."

"आग तर कमी झालती म्हणे."

"काहीतरी होतंय असं वाटलं की आग कमी वाटते."

"आन सुरवातीलाच, फोड बारका व्हता तवाच कापलं असतं तर?"

"लहान होता म्हणालात ना? बहुतेक वाचले असते."

"म्हंजी माझ्या गोळीपायी ते कापायला गेले न्हाईत."

मॅडमनी फाइल पुढं ओढली. नवी चिठ्ठी लिहायला घेतली. ही गोळी वेगळी, दिवसातून दोनदा. आधीची जेवल्यावर घ्यायची, ही उपाशीपोटी. आधी दोन तास काही खायचं नाही, नंतर एक तास काही खायचं नाही.

"ही बसंल का खाचंत?"

"तीन महिन्यांनी कळेल."

"आन न्हाई बसली तर?"

"तीन महिन्यांनी बोलू."

"सरावलं ते," गोपिकाबाई म्हणाली. "थोडं थोडं पाजलं की जंत सरावतेत. आमाला ठावं व्हतं, मॅडम. ठावं असून केलं."

घरी येऊन तिनं कारभाऱ्याला आपल्या रक्ताचं सांगितलं. व्याह्याचं सांगितलं नाही. युक्ती त्याची होती. ते ऐकून तो जेवला नसता.

जुलैत शालूचा फोन आला. मागं भांड्यांचा आवाज, म्हणजे सोनूबाई, शालूच्या आत्याबाई, जवळपासच होत्या.

"आई, आत्याबाईंच्या बहिणीला छातीत गाठ लागून राह्यली. सुपारीयेवढी."

"मंग दाखवा की जल्दी."

"दाखवणार हायेत. पण आत्याबाई म्हणून राह्यल्या, तुझी गोळी बदलली ना आता? मंग जुन्या उरल्या असतील. एक पट्टी. त्या आता तुला कशाला लागतेत? ह्या टायमाला अख्खी देऊन बघू म्हणतेत."

पट्टी होती. दहाच्या दहा गोळ्या, फळीवर, साखरेच्या डब्याच्या मागं. दिली असती तर तिचं स्वतःचं आता काहीच जात नव्हतं. शालू पुन्हा पहिल्या पंगतीला बसली असती. तेराव्यापासून ती शेवटच्या पंगतीला होती, हे तिनं सांगितलं नव्हतं, पण आवाजात होतं.

"न्हाई," गोपिकाबाई म्हणाली.

"आई, ऐक ना—"

"तू ऐक. त्या बाईला म्या सोता दवाखान्यात नेते. रांगंत म्या उभी राहते. पण गोळी न्हाई देणार. तुझा सासरा माझ्या गोळीनं मेला, शालू."

पलीकडं भांडी वाजायची थांबली.

"फोड बारका व्हता. तवाच कापला असता तर माणूस आज बसलेला असता. माझी गोळी चघळत चार महिने बसला म्हून गेला. मॅडमनी सांगितलं. हे तुझ्या आत्याबाईला सांग. म्या सांगितलं म्हून सांग."

"आई, हे म्या हितं कसं बोलू?"

"बोल."

फोन कटला. शालूनं केला का दुसऱ्या कुणी, ते कळलं नाही. कारभारी दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो मेंढरांकडं गेला आणि अंधार पडेपर्यंत तिकडंच राहिला.

दुसऱ्या दिवशी अंगदचा फोन आला. आवाज वजनकाट्यावर आकडे सांगतात तसा. "तुमच्या लेकीला पंचमीला धाडणार न्हाई. दिवाळीला बी न्हाई. पुढचं पुढं." एवढंच.

पंचमीला गावातल्या सगळ्या माहेरवाशिणी आल्या, लिंबाला झोके बांधले. गोपिकाबाईनं मुद्दाम त्या दिवशी कपाशीत खुरपणी काढली आणि दिवसभर मान वर केली नाही.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, दुपारी, अनोळखी नंबरावरून फोन आला. शालूच होती. नदीवर धुणं घेऊन आली होती आणि शेजारणीचा मोबाइल मागून घेतला होता. भराभरा बोलत होती.

"आत्याबाईंच्या बहिणीचं आपरेशन झालं जालन्याला. गाठ काढली. डाक्टर म्हणले, येळेवर आल्या. बऱ्या हायेत."

"कुणी नेलं?"

"आत्याबाईंनीच. तू जे म्हणली ना, त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळीच नेलं. कुणाला काय बोलल्या न्हाईत. आता सगळ्यांला सांगतेत, देवीला कौल लावला व्हता, देवीनं सुचवलं."

"बरं झालं. आन तू?"

पाण्यावर कपडा आपटल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन.

"म्या बरी हाय. ठिवते."

कारभारी नुकताच जेवायला आला होता. "कोण व्हतं?"

"शालू."

"काय म्हणली?"

"बरी हाय म्हणली."

त्यानं ताट पुढं ओढलं आणि भाकरी मोडली. गोपिकाबाईनं नवी गोळी पाण्यासोबत गिळली, आपलं ताट झाकून ठेवलं आणि तास भरायची वाट बघत उंबऱ्यात बसली.